शुक्रवारची दुसरी भरती

“मग सगळी पोरं पास?”

“एक सोडून सगळी, सर.”

“ती एक कोण?”

रेवती घागला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. तिने लॅपटॉप मोठ्या हौसेने परकार सरांकडे वळवला होता. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणांची रांग होती. सर त्या रांगेकडे बघतच नव्हते. त्यांची नजर तळाशी असलेल्या एकुलत्या लाल ठिपक्यावर होती.

“शर्वरी भुवड म्हणून आहे. सेकंड इयरला. हट्टी आहे जरा.”

“हट्टी,” सर म्हणाले.

निजामुद्दीन परकार तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आयुष्यभर प्रोग्रामिंग शिकवून निवृत्त झाले होते, आणि आता खाडीकाठच्या आपल्या गावी राहत होते. अडचण घेऊन माणसं अजूनही त्यांच्या पडवीत येत. उत्तर मात्र क्वचितच घेऊन जात. सर विचारणाऱ्यालाच उलटा प्रश्न विचारत आणि मग वाट बघत बसत. ती वाट बघणं सोसायचं नाही, म्हणून पुष्कळांनी येणं सोडलं होतं.

रेवतीने सोडलं नव्हतं. ती त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आता त्याच कॉलेजात, त्यांच्याच टेबलावर बसून ती शिकवत होती.

आज मात्र ती अडचण घेऊन आली नव्हती. ‘तपासनीस’ दाखवायला आली होती.

तपासनीस हे तिने बनवलेलं यंत्र. यंत्र म्हणजे मुलांचे प्रोग्राम आपोआप तपासणारा एक प्रोग्रामच. मुलं आपलं काम त्यात टाकत. आत रेवतीने लिहिलेल्या टेस्ट असत. अमुक दिलं तर तमुक आलं पाहिजे, अशा शेकडो. उत्तर जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. एक जरी लाल राहिलं तरी शून्य. पण दुरुस्त करून पुन्हा टाकायला हवी तितकी मुभा.

“निम्मे मार्क द्यायचेच नाहीत?” सरांनी विचारलं.

“नाही सर. निम्मा बरोबर पूल कुणाच्या कामाचा?” हे वाक्य तिने विद्यापीठाच्या समितीपुढेही म्हटलं होतं, आणि समितीला ते आवडलं होतं. पुढच्या सत्रापासून तपासनीस सगळ्या कॉलेजांत जाणार होता. सोमवारी समारंभ होता. सरांच्या हातून उद्घाटन व्हावं, एवढंच मागायला ती आली होती.

“आणि ही पोरगी?”

“सर, तिला पुन्हा पुन्हा संधी दिली. ती तोच प्रोग्राम टाकते. एक अक्षर बदलत नाही. दर वेळी लाल होतो, आणि ही परत तोच टाकते…” रेवतीचा आवाज चढला. “आता तिला परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष जाईल. माझा इलाज नाही.”

“काय करायला दिलं होतंस?”

“सोपं होतं, सर. मुद्दाम इथलंच काहीतरी द्यावं म्हटलं. बंदरातल्या भरतीची महिन्याच्या सुरुवातीची एक वेळ दिली. एका भरतीनंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी दुसरी येते, हेही सांगितलं. त्यावरून महिन्यातल्या प्रत्येक दिवसाच्या दोन्ही भरत्यांच्या वेळा छापायच्या. बस.”

“आणि ती काय छापते?”

“बाकी सगळं बरोबर. पण महिन्यात दोन दिवस असे येतात की तिचा प्रोग्राम एकच वेळ छापतो. दुसरी गाळतो.”

पडवीपुढच्या सुपारीच्या झाडांतून खाडीचा तुकडा दिसत होता. सर तिकडे बघत राहिले.

“कुठले दोन दिवस?”

“एक गेला. दुसरा या शुक्रवारी आहे.”

“अमावास्येच्या आसपास,” सर स्वतःशीच म्हणाले.

“सर, मग सोमवारी तुम्ही…”

“तुझं यंत्र म्हणतं दोन. पोरगी म्हणते एक.” सरांनी लॅपटॉप हलक्या हाताने मिटला. “शुक्रवारी सकाळी ये. तिसऱ्याला विचारू.”

“तिसरा कोण?”

सर नुसते हसले.

…

परतीच्या वाटेवर रेवती धुमसत होती. भरत्या रोज दोन येतात हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यात विचारायचं काय? सर थकले, असं तिला वाटलं. असं वाटल्याचं तिला वाईटही वाटलं.

तरीही शुक्रवारी ती गेली. सरांचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता.

सर पायजमा-सदऱ्यात, डोक्यावर गोल टोपी घालून तयारच होते. दोघं उतरणीने धक्क्यावर आली. जुना, दगडी धक्का. माणसं पलीकडच्या गावी नेणारी तरीची होडी अजून आली नव्हती. सर एका दगडावर टेकले. रेवती शेजारी बसली.

“काय करायचं, सर?”

“बघायचं.”

पाणी चढत होतं.

रेवतीचं सगळं आयुष्य या खाडीपासून तासाभराच्या अंतरावर गेलं होतं. पण भरती कशी येते हे तिने कधी बसून पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं, लाटा येत असतील, आवाज होत असेल. इथे आवाजच नव्हता. समोरचा चिखल होता तो नाहीसा झाला. तिवरांची मुळं होती, ती बुडाली. मग खोडं. चिखलात कलंडलेली एक होडी कुणी हात न लावता हळूच सरळ झाली आणि तरंगू लागली. एवढ्या मोठ्या, मैलभर रुंद खाडीला कुणीतरी खालून उचलत होतं, आणि त्या उचलण्यात कष्ट म्हणून दिसत नव्हते.

उधाणाचं पाणी होतं. धक्क्याच्या पायऱ्या एकामागून एक गेल्या. वरच्या दगडाला पाणी लागलं तेव्हा रेवतीने नकळत पाय वर घेतले.

मग पाणी थबकलं, उभं राहिलं.

पाण्यावर पडलेलं एक पिवळं पान मघापासून आत, डोंगराच्या दिशेने चाललं होतं. ते थांबलं. इकडे नाही, तिकडे नाही. वारा पडला होता. पलीकडच्या गावातलं भांड्याचं वाजणं इथवर ऐकू आलं.

रेवतीचा श्वास संथ झाला होता.

तिने घड्याळ पाहिलं. बारा वाजायला वीस मिनिटं. तिच्या यंत्रातली वेळ मिनिटाला जुळली होती. तिला अभिमान वाटला, आणि लगेच तो अभिमान त्या पाण्यापुढे फारच किरकोळ वाटला.

“ही एक,” सर म्हणाले. “दुसरी?”

रेवतीने मोबाइलवर आपलं उत्तर उघडलं. “बारा वाजून पाच, सर. रात्री.”

“कुठल्या रात्री?”

“आजच्याच.”

“बारा वाजून पाच मिनिटांनी तारीख काय असेल?”

रेवतीने मोबाइलवरची तारीख बघितली.

“उद्याची,” ती म्हणाली.

“मग ती उद्याची भरती.”

“हो, पण… म्हणजे सर, आजची बारा वाजून पाच म्हणजे… काल झोपल्यानंतरची. पहाटेच्या आधीची. ती धरायची.”

“धर की. तेव्हा पाणी कुठे होतं?”

तिने बोटांवर मागे मोजायला सुरुवात केली. आताची भरती अकरा चाळीसची. त्यातून बारा तास पंचवीस मिनिटं मागे… काल रात्री सव्वाअकरा. काल. म्हणजे आज तारीख बदलली तेव्हा भरती होऊन गेली होती. पाणी उतरणीला लागलं होतं.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं.

एक भरती काल रात्री, बारा वाजायच्या आत. एक उद्या, बारा वाजून गेल्यावर. आणि या दोन मध्यरात्रींच्या मधला एवढा लांबरुंद शुक्रवार… त्यात ही एकच. जी आत्ता तिच्या पायांशी होती.

आपण काय केलं होतं तेही तिला लख्ख दिसलं. तिने प्रत्येक दिवसाची पहिली वेळ घेतली होती, तीत बारा तास पंचवीस मिनिटं मिळवली होती, आणि चोवीसच्या वर गेलं की चोवीस वजा केले होते. वेळ बरोबर आली होती. तारीख बदलायची राहिली होती. शनिवारची भरती तिने ओढून शुक्रवारात बसवली होती. मग टेस्ट लिहिताना तेच उत्तर खरं धरलं होतं.

“सर,” ती म्हणाली, “आज एकच आहे.”

तिला वाटलं, सर हसतील. त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक असणार.

पण परकार सर हसले नाहीत. ते पाण्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. तेही मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली.

“सुभानल्ला,” ते अगदी हळू म्हणाले.

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मी या काठावर जन्मलो, रेवती. बापाचा हात धरून इथंच पोहायला शिकलो. आमच्यात पाणी तिथीवर मोजतात. घड्याळ बघून कोण मोजतो? पण मला कुणी विचारलं असतं, रोज भरत्या किती, तर मीही दोन म्हणालो असतो. डोळे झाकून.”

सरांनी रेवतीच्या मोबाइलकडे बोट केलं.

“फोन लाव,” सर म्हणाले.

“कुणाला?”

“त्या पोरीला.”

रेवतीने शर्वरीचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन सरांच्या हातात दिला. फोन वाजत असताना सरांनी एक हात दगडावर टेकला. त्यांचे गुडघे दुखत. उठताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. रेवती त्यांना धरायला पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. गुरुजी वर्गात आल्यावर पोरं राहतात तसे ते स्वतःहून सरळ उभे राहिले. सदरा झटकून नीट केला.

“हॅलो? मॅडम?” पलीकडून बावरलेला आवाज आला.

“शर्वरीबाई, मी निजाम परकार बोलतोय. तुमच्या मॅडमना शिकवायला होतो. एक शंका होती. विचारू का?”

रेवती थक्क होऊन बघत राहिली. इतक्या वर्षांत सरांनी कुठल्याही विद्यार्थ्याला ‘तुम्ही’ म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते कधी तसं म्हणाले नव्हते.

“विचारा ना, सर.”

“या शुक्रवारी तुम्ही दुसरी वेळ का छापली नाहीत?”

“नव्हती म्हणून, सर.”

“वर्गात बाकी सगळ्यांनी छापली.”

“हो. पण सर… आधी बऱ्याच जणांची एकच येत होती. मग लाल झालं. मग त्यांनी बदललं.”

रेवती फोनच्या जवळ सरकली.

“तुम्ही नाही बदललंत?”

“बदललं होतं, सर. एकदा. हिरवंही झालं. मग मी ते पुसून टाकलं.”

“का?”

“हिरवं झालं, पण ती भरती कुठून आली ते मला कळेना. मी बरंच शोधलं. मला ती सापडली नाही.”

सर डोळे मिटून ऐकत होते.

“वर्ष जाईल हे माहीत होतं?”

“हो.”

“भीती नाही वाटली?”

“वाटते की.” आवाज एकदम लहान झाला. “बाबांना अजून सांगितलं नाहीये, सर.”

रेवतीला स्टाफरूम आठवली. ही मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. “मॅडम, त्या दिवशी एकच येते,” असं म्हणाली होती. आणि आपण वर न बघता म्हणालो होतो, “हिरवं झाल्याशिवाय माझ्याकडे यायचं नाही.” तिच्या आधीही दोघं-तिघं आले होते. त्यांनाही हेच सांगितलं होतं. ते निमूट परत गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी हिरवे झाले होते. आपण त्यांना शाबासकी दिली होती.

वर्गातली बरीच मुलं बरोबर होती. आपण त्यांना चूक करायला शिकवलं. चूक जमेपर्यंत शिकवलं.

“मेहेरबानी, शर्वरीबाई,” सर म्हणत होते. “मला हे ठाऊक नव्हतं. आज कळलं. तुमच्या मॅडमना देतो.”

फोन हातात आला तेव्हा रेवतीच्या लक्षात आलं, की आपणही केव्हाच उभ्या राहिलो आहोत.

“शर्वरी…” तिने फोन तोंडाजवळ धरला. “मी घाग मॅडम. ऐक. तुझा प्रोग्राम बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चूक माझी झाली. टेस्ट चुकीची होती.”

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

“खरंच एकच असते, मॅडम?”

त्या आवाजात सुटका नव्हती, विजय नव्हता. नुसतं नवल होतं. वर्ष वाचलं हे त्या मुलीच्या अजून ध्यानातच आलं नव्हतं. आधी तिला भरतीचं हवं होतं.

“खरंच. मी आत्ता खाडीवर आहे. इथे समोर बघतेय.”

“कशी दिसतेय?”

रेवतीने पाण्याकडे पाहिलं. पान तिथंच होतं. आभाळ सगळंच्या सगळं पाण्यात उतरलं होतं. तिवरांचे नुसते शेंडे वर होते. ते शेंडे आणि त्यांच्या सावल्या यांच्यात कुठून काय सुरू होतं ते कळत नव्हतं. इथून चंद्र दिसत नव्हता, दिसणारही नव्हता, आज तो उन्हातच कुठेतरी बुडालेला. पण हे सगळं त्याने उचलून धरलेलं होतं. हे तिला पाठ होतं, मुलांना सांगितलेलं होतं. खरं वाटत होतं ते मात्र आत्ता.

“मला सांगता येत नाही गं,” ती म्हणाली. “तू ये. आपण बघू.”

फोन ठेवल्यावर तिने थांबून विचार केला नाही. प्राचार्यांना फोन लावला. वर्गाचे सगळे मार्क रद्द करा म्हणाली. मुलांनी पहिल्यांदा टाकलेलं काम मी स्वतः वाचीन, एकेकाला बोलावून वाचीन, म्हणाली. सोमवारचा समारंभ पुढे ढकला, विद्यापीठाला कारण मी कळवते, माझं नाव घालून कळवते. प्राचार्य चिडले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. रेवती शांतपणे ऐकत राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली.

मग तिने शर्वरीच्या वडिलांचा नंबर मागवून घेतला. त्यांना फोन करून सांगितलं, की तुमची मुलगी फार चांगली आहे. पलीकडचा माणूस घाबरून “काय झालं, काय झालं” म्हणत राहिला. “काही झालं नाही,” ती म्हणाली, “एवढंच सांगायचं होतं.”

सगळं बोलून झाल्यावर तिने मोबाइल पिशवीत टाकला.

“सर, इतक्या जणांतून ही एकच…” तिने मान हलवली. “मी उद्यापासून टेस्ट लिहायच्या तरी कशा? जे मला माहीतच नाही, ते मी तपासणार कसं?”

सर उत्तर देतील म्हणून ती थांबली. सर खाडीकडे तोंड करून होते.

दमून ती मागच्या दगडावर टेकायला वाकली, तसा सरांनी मागे न बघता हात वर केला.

“बसू नकोस एवढ्यात.”

“का, सर?”

“पाणी अजून उभं आहे.”